‘असू दे’चं वजन

कापूस मोजायचा काटा आमच्या ओसरीच्या आड्याला टांगलेला असतो. दिवाळीची सुटी म्हणजे वेचणीचा ऐन हंगाम. संध्याकाळी बाया आपापली गाठोडी डोक्यावरून उतरवून रांगेनं उभ्या राहतात, आमचे हे काटा वाचतात आणि मी वहीत लिहिते. आठेक वर्षांपूर्वी अशाच एका संध्याकाळी रांग संपायच्या आधीच मी घरातून माझी पाठीवरची बॅग ओढत आणली आणि काट्याच्या हुकाला अडकवली. ११ किलो ४००.

“आज तं मॅडमनंबी वेचला वाटते,” रांगेतली एक म्हातारी म्हणाली. बाया हसल्या. तिनं बॅगेच्या बुडाला हात लावून ती जराशी उचलून पाहिली, वेचणारीच्या सवयीनं. “कोठी चालल्या? किती दिस?”

“भामरागडले. पाच दिवस.”

“पाच दिसाले इतलं? बाप्पा! मी पोरीच्या बाळंतपणाले महिनाभर जातो, तं येवढं नेत नाही.”

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. शाळेत दप्तराच्या वजनाची मोजणी करायचं काम दरवर्षी कुणाच्या तरी गळ्यात पडतं, त्या वर्षी माझ्या पडलं होतं. पुढं २०२० मध्ये केंद्र सरकारचं दप्तराचं धोरणच आलं, की दप्तर मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांहून जड नको. तेव्हा तो आकडा माझ्या माहितीचा नव्हता, पण आज मागं वळून हिशेब करते तेव्हा हसू येतं. माझं वजन ५८ किलो. म्हणजे पोरांच्या नियमानं माझं दप्तर ५ किलो ८०० हवं होतं. मी जवळपास दुप्पट घेऊन निघाले होते, आणि चौथीतल्या पोरांना मात्र “उद्यापासून रिकामी कंपासपेटी आणायची नाही” असं दटावत होते.

काय होतं त्या बॅगेत? दोन जीन्स, एकेक सातशे ग्रॅमची. सोलापुरी चादर. लग्नात आहेर आलेला जाड टॉवेल. तीन पुडांचा स्टीलचा डबा. खोबरेल तेलाची अख्खी बाटली. नोव्हेंबरात छत्री, आणि छत्री उडाली तर म्हणून रेनकोट. दोन कादंबऱ्या. तपासायच्या राहिलेल्या गणिताच्या वह्या, कारण बसमध्ये वेळ मिळेल असं वाटलं होतं. सुटी सहामाहीची, वह्या सहामाहीच्या, त्यामुळं त्या मागं ठेवताना मनाला खात होतं एवढंच त्यांचं कारण.

पण हे सगळं एकाच शब्दानं आत गेलं होतं. आमच्या सासूबाई दारात उभ्या राहून म्हणत होत्या, “असू दे वं. लागलं तं?” टॉवेल असू दे. तेल असू दे. सुईदोरा, बाम, निलगिरी, मेणबत्ती, आगपेटी, असू दे. या ‘असू दे’त माया असते, म्हणून त्याला नाही म्हणता येत नाही, आणि भीतीही असते. आपल्या गावच्या बाहेर काही मिळत नसेल, मिळालं तर महाग मिळेल, आणि मागावं लागलं तर लाज वाटेल, या तीन भीत्या. माझ्या बॅगेतले निदान पाच किलो या तीन भीत्यांचे होते.

अमरावती, नागपूर, गडचिरोली, आलापल्ली, भामरागड. प्रत्येक स्टँडवर ती बॅग चढवायची, उतरवायची, संडासात जाताना कुणाच्या तरी भरवशावर ठेवायची. बसच्या वरच्या फळीवर ती मावेना, म्हणून मांडीवर. मांडीवर मावेल एवढीच बॅग असावी हा धडा कुठल्याही पुस्तकात नाही, पण गडचिरोलीपासून पुढं ज्यानं उभं राहून गचके खाल्ले त्याला तो सांगावा लागत नाही. भामरागडला पर्लकोटा आणि पामुलगौतम इंद्रावतीला मिळतात. तीन नद्या एकमेकींत मिसळताना पाहायला मी एवढ्या लांब गेले होते, आणि आज त्या संगमाबद्दल मनात पहिलं काय येत असेल, तर दोन्ही खांद्यांवर पट्ट्याचे लाल वळ.

परत आल्यावर बॅग सरळ बाजेवर उपडी केली. का कोण जाणे, पण कपडे धुवायला टाकायच्या आधी मी त्या सामानाचे ढीग करू लागले. रोज लागलं ते एकीकडं. एकदाच लागलं ते दुसरीकडं. ज्याची घडीही मोडली नाही ते तिसरीकडं. तिसरा ढीग सगळ्यांत मोठा झाला. ४१ वस्तूंपैकी १७. गणिताच्या वह्या त्यात सगळ्यांत वर. सासूबाई बाजेच्या कडेला बसून पाहत होत्या. त्यांनी टॉवेल उचलला, वास घेतला, तो अजून कपाटातल्या डांबरगोळीचाच येत होता. काही न बोलता त्यांनी तो पुन्हा कपाटात ठेवला.

त्या रात्री मी पहिली यादी लिहिली. जायच्या आधी नाही, आल्यावर. हा फरक मला फार मोठा वाटतो. जाण्याआधीची यादी भीती लिहिते. आल्यावरची यादी हात लिहितो, कशाला तो किती वेळा गेला ते त्याला आठवत असतं.

आता इथं एक चूक झाली ती सांगितली पाहिजे. यादी लिहायची चटक लागली तशी मी नेटवर वाचायला लागले. पाठीवर घर घेऊन महिनोन्‌महिने डोंगर तुडवणाऱ्या लोकांचं एक वेगळंच जग आहे. ते अन्न, पाणी आणि चुलीचं इंधन वगळून उरलेल्या सामानाचं वजन मोजतात, कारण ही तीन रोज कमी होत जातात, बाकीचं शेवटपर्यंत तेवढंच राहतं. हे उरलेलं वजन साडेचार किलोच्या आत आणलं की तुम्ही त्यांच्यातले पट्टीचे. कुणी दात घासायच्या ब्रशाची मूठ कापतं, कुणी टी-शर्टचं लेबल उसवतं. मला ते वेड आवडलं. मोजण्यात एक प्रामाणिकपणा असतो, डोळ्यांना जी वस्तू ‘एवढीशी’ दिसते ती काट्यावर चढली की चारशे ग्रॅम निघते. मग मी त्यांचीच एक यादी उतरवून घेतली, ५४ वस्तूंची, आणि त्या हिशेबानं जुलैत मेळघाटला निघाले.

त्या यादीत अस्वलापासून अन्न वाचवायचा डबा होता. आमच्याकडे अस्वलं आहेत, पण ती मोहाच्या फुलांमागं. असो, तो डबा मी नेला नाही. पण पिसं भरलेल्या जॅकेटाऐवजी एक जाड स्वेटर नेला, गॅसची छोटी शेगडी कुणाकडून तरी मागून नेली, आणि जीन्स मात्र सवयीनं अंगावर राहिलीच. परतवाड्याहून सेमाडोहची गाडी घाट चढायला लागली तेव्हाच पाऊस सुरू झाला, आणि तीन दिवस थांबला नाही. सिपना नदी गढूळ होऊन वाहत होती. पहिल्या संध्याकाळी भिजलेली जीन्स तिसऱ्या दिवशी निघतानाही ओलीच होती. ती पिशवीत कोंबली तेव्हा दीड किलो तरी भरली असेल. बॅगेला वरून घालायचं पावसाळी आवरण घातलं होतं, पण पाणी पाठीच्या बाजूनं उतरतं, पट्ट्यांच्या शिवणीतून आत झिरपतं, आणि आवरणाच्या तळाशी साचून राहतं. स्वेटर चिंब. शेगडी एकदाही पेटली नाही, कारण चहाची टपरी पन्नास पावलांवर होती. आणि यादी? यादी फोनमध्ये होती. फोनला ना रेंज, ना दुसऱ्या दिवसानंतर चार्ज.

त्या खोलीत आम्ही दोघी मैत्रिणी ओल्या कपड्यांच्या वासात बसलो होतो तेव्हा समोरच्या शेतातून एक कोरकू बाई गेली. तिच्या डोक्यावरून पाठीवर प्लास्टिकच्या पोत्याची खोळ होती, एक कोपरा आत दुमडून केलेली. ती कोरडी होती. मी पुढच्या वेळेपासून आवरण सोडून दिलं आणि बाजारातून जाड प्लास्टिकची मोठी नवी पिशवी आणून बॅगेच्या आत घातली. सगळं सामान तिच्यात, तोंड पिळून दुमडलं की झालं. बॅग भिजते, सामान नाही. ही युक्ती त्या परदेशी लोकांचीही आहे हे मला नंतर वाचताना कळलं. मला ती खोळीनं शिकवली.

त्याच लोकांची एक म्हण आहे, ‘कॉटन किल्स’. कापूस मारतो. हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं ते कापसाच्या गंजीला पाठ टेकून. आमच्या भागात या दोन शब्दांचा जो अर्थ लागतो तो मला इथं लिहायचा नाही, तो सगळ्यांना माहीत आहे. त्यांचं म्हणणं वेगळं आणि त्यांच्या जागी बरोबर आहे. सुती कापड पाणी धरून ठेवतं, लवकर वाळत नाही, आणि थंड ओल्या हवेत ते अंगावर राहिलं तर शरीरातली ऊब ओढून घेतं. मेळघाटच्या जुलैत मला ते पटलं. पण पुढच्या मे महिन्यात मी लोणारला गेले. १.८ किलोमीटर व्यासाचं ते उल्केचं विवर, वरच्या काठावरून खाली उतरताना हवा अशी, की तव्याजवळ चेहरा धरावा. मैत्रिणीनं नवा, झटपट वाळणारा पॉलिस्टरचा शर्ट घातला होता. तासाभरात तिच्या अंगावर पुरळ उठलं. माझा जुना सुती कुडता घामानं भिजत होता, आणि भिजलेला कुडता वाऱ्याची एखादी झुळूक आली की गार लागत होता. डोक्यावरचा दुपट्टा मी बाटलीतल्या पाण्यानं ओला करत होते. पूर्वी बंडीला, ट्रकला टांगलेली कॅनव्हासची छागल असायची ना, तीतलं पाणी ज्या कारणानं गार राहायचं त्याच कारणानं माझं डोकं गार राहिलं. कोरड्या उन्हात वाळायला वेळ लागणं हाच सुताचा गुण. ज्या यादीत ऋतू लिहिलेला नाही ती यादी अर्धवट, हे त्या उतारावर कळलं.

तेव्हापासून माझ्या यादीला खाली तीन शेपट्या आहेत. मुख्य यादी एकच, आणि शेवटी पावसाळा, हिवाळा, उन्हाळा. पावसाळ्यात सूत कमी, आतली प्लास्टिक पिशवी, कोरड्या मोज्यांचा एक जोड फक्त झोपायला. हिवाळ्यात कानटोपी आणि जुन्या लुगड्याची पातळ गोधडी, चिखलदऱ्याला डिसेंबरच्या रात्री त्याशिवाय निभत नाही. उन्हाळ्याची शेपटी सगळ्यांत जड, कारण पाणी. एक लिटर म्हणजे एक किलो, त्याला कुणाची युक्ती चालत नाही. दोन लिटर पाठीवर, आणि कागदाच्या दोन पुड्या, एकीत सहा चमचे साखर, दुसरीत अर्धा चमचा मीठ, एका लिटरसाठी. सासूबाई वरून खिशात कांदा घालतात, ऊन लागू नये म्हणून. कांद्यानं ऊन थांबतं यावर माझा विश्वास नाही. पण लोणारला आम्ही तो भाकरीबरोबर खाल्ला.

माझी आजी, आईची आई, निरक्षर होती. ती कौंडण्यपूरहून पंढरपूरला जाणाऱ्या पालखीबरोबर पायी गेलेली होती, एकदा नाही, सहा वेळा. रुक्मिणीच्या माहेराहून निघणारी ती पालखी चारशेहून जास्त वर्षांची, असं सांगतात. मी शाळेत असताना तिला निघताना पाहिलेलं आहे. ती ओसरीवर मांडी घालून बसायची, समोर फडक्यावर सामान, आणि डाव्या हाताच्या अंगठ्यानं बोटांची पेरं मोजायची. चार बोटं, प्रत्येकाची तीन पेरं, बारा. करंगळीच्या बुडापासून सुरुवात. लुगडं, चोळी, फडकं. मग पुढचं बोट. तांब्या, ताट नाही, वाटी. मधल्या बोटावर सुई-दोरा, दोरी, चुन्याची डबी. तर्जनीवर टाळ, बुक्का, आणि शेवटच्या पेरावर अंगठा टेकवून ती क्षणभर थांबायची. ते पेर रिकामं. “हे कायचं वं आजी?” मी विचारलं होतं. “तठी जे भेटन त्याचं,” ती म्हणाली होती.

मी एवढ्या सगळ्या फोनच्या, वहीच्या, एक्सेलच्या याद्या केल्यावर मला तिची पेरं आठवली, हा माझा उशीर. पुन्हा पुन्हा वापरायची यादी म्हणून याहून चांगली वस्तू मला तरी माहीत नाही. ती हरवत नाही, भिजत नाही, तिला चार्जिंग लागत नाही, आणि तिच्यात तेरावी वस्तू घालता येत नाही. त्या मर्यादेतच सगळं आहे. जागा बाराच असली की तेलाची बाटली घ्यायची तर कशाला उठवायचं, हा प्रश्न घरीच सुटतो.

आजी तिचं सामान पडशीत घालायची. ज्यांनी पडशी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते, एक लांबट झोळी, मध्ये चीर, दोन्ही टोकांना खिसे, खांद्यावर टाकली की अर्धं वजन छातीवर आणि अर्धं पाठीवर. माणूस वाकत नाही. आणि माझ्या महागड्या बॅगेला कमरेचा पट्टा होता, तो मी दोन वर्षं लोंबकळत ठेवला होता. तो कशासाठी असतो ते मला वेचणीच्या बायांकडं पाहून कळलं. त्या कापूस खांद्यावरच्या झोळीत वेचत नाहीत, कमरेला ओटी बांधतात. ओटी भरत जाते तसं वजन कमरेवर बसतं, मान आणि हात मोकळे राहतात. दिवसभर वाकून काम करणाऱ्या बाईला भार कुठं घ्यायचा हे कुणी शिकवावं लागत नाही. मी पट्टा घट्ट आवळला त्या दिवशी बॅग निम्मी झाल्यासारखी वाटली, काट्यावर ती तेवढीच होती.

अमेरिकेत एम्मा गेटवूड नावाची बाई होती. अकरा मुलांची आई. १९५५ साली, वयाच्या ६७ व्या वर्षी, तिथल्या अॅपलेशियन ट्रेलवर ती एकटी निघाली आणि तीन हजार किलोमीटरहून लांब ती वाट चालून गेली. पाठीवर बॅग नव्हती. डेनिमच्या कापडाची घरी शिवलेली पिशवी खांद्यावर, पायात कॅनव्हासचे बूट, तंबूऐवजी न्हाणीघरात लावायचा प्लास्टिकचा पडदा. तिच्याबद्दल वाचलं तेव्हा मी हे आजीला सांगू शकले नाही, ती तोवर गेली होती. आजीनं काय म्हटलं असतं ते मात्र मला माहीत आहे. तिनं विचारलं असतं, “लेकरं कोनाच्या भरोशावर सोडली?”

आणि इथून तासा-दोन तासांवर, अंजनगाव सुर्जी तालुक्यातलं शेंडगाव. डेबूजी झिंगराजी जानोरकरांचं गाव, २३ फेब्रुवारी १८७६ चा जन्म. आपण त्यांना गाडगेबाबा म्हणतो. हातात खराटा, अंगावर चिंध्यांचा अंगरखा, आणि एक मातीचं गाडगं. त्यातच खायचं, त्यातच प्यायचं, आणि ऊन लागलं की तेच डोक्यावर उलटं घालायचं. एका वस्तूला तीन कामं. गेटवूडबाईंचा पडदा काय किंवा हे गाडगं काय, जातकुळी एकच. आजीनं लहानपणी त्यांचं कीर्तन ऐकलं होतं. कीर्तन काय होतं ते तिला आठवत नव्हतं, कीर्तनाआधी त्यांनी स्वतः झाडलेलं अंगण आठवत होतं. त्यांची आठवण झाली की मला माझ्या आताच्या साडेपाच किलोच्या बॅगेचा अभिमान जरा चोरटा वाटतो. त्यांनी यादी कमी केली नव्हती, घर सोडलं होतं. मी दर वेळी घरी येते, कपाटात टॉवेल असतो हे माहीत असतं म्हणून मला दुपट्ट्यावर भागवता येतं.

हे मला एका बसमध्ये फार जाणवलं. धारणीहून येणारी गाडी, सोयाबीनच्या सोंगणीचे दिवस. एक कोरकू कुटुंब चढलं, नवरा-बायको, तीन लेकरं, एक म्हातारा. दोन पोती, एक ताडपत्रीची गुंडाळी, दोरीनं बांधलेली भांडी, विळे, आणि टोपलीखाली एक कोंबडी. दोन-तीन महिन्यांचा संसार, आमच्या सपाटीवरच्या शेतांवर राबायला. मी माझी बॅग मांडीवर घेऊन बसले होते, आणि माझ्या मनात खरोखर आलं, की यातलं काय कमी करता येईल? सवयीनं आलं. मी त्यांच्या पोत्यांकडं पाहत होते. काहीच नाही. एकही वस्तू ‘असू दे’ची नव्हती. बाईनं सर्वांत धाकट्याला माझ्या बॅगेवर टेकवलं, आणि तो परतवाड्यापर्यंत तिच्यावर डोकं ठेवून झोपला.

माझी आत्ताची यादी सातवी. शाळेत लॅमिनेशनचं यंत्र आलं तेव्हा बालवाडीच्या अक्षरपट्ट्यांबरोबर एक कागद माझाही घातला. कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय. फळ्यावर लिहायच्या मार्करनं खूण करायची, आल्यावर ओल्या फडक्यानं पुसायची, कागद पुन्हा कोरा. सत्तावीस वस्तू आहेत. बारावर अजून आले नाही.

सगळी इथं लिहीत नाही, कारण तुमची यादी तुमच्या बाजेवरच्या तिसऱ्या ढिगातून निघायला हवी. काही गोष्टी मात्र मार खाऊन कळल्या. कपडे तीन जोड, एक अंगावर, एक दोरीवर, एक बॅगेत. प्रवास पाच दिवसांचा असो की पंधरा, तीनच. दुपट्टा हा टॉवेल, उशीचा अभ्रा, उन्हाची टोपी, बसच्या खिडकीचा पडदा, आणि रानात आडोसा. अंगाची साबणवडी अर्धी कापून, तिनंच कपडे. आठ सेफ्टी पिना. दाभण आणि जाड दोरा, बॅगेचा पट्टा नेहमी तालुक्याच्या स्टँडवर तुटतो, गावात नाही. जवसाची चटणी आणि दशम्या कापडात बांधून, डबा नाही.

आणि पाळीचं. नेटवरच्या ज्या याद्या मी वाचल्या त्या बहुतेक पुरुषांनी केलेल्या. त्यांत दाढीच्या ब्लेडचं वजन ग्रॅमवर, पण हे नाही. बाईच्या यादीत हे पहिल्या पाचांत हवं, तारीख दूर असली तरी, कारण प्रवासात तारीख पुढंमागं होते. मी दोन वर्षांपासून कप वापरते. एक कप वर्षानुवर्षं चालतो आणि मुठीत मावतो, पण त्याला स्वच्छ पाणी आणि सवय लागते, म्हणून प्रवासातच पहिल्यांदा वापरून पाहू नये. ज्यांना पॅड बरे वाटतात त्यांनी जुन्या वर्तमानपत्राचे तुकडे आणि एक गडद पिशवी सोबत ठेवावी, कारण रानात टाकायला जागा नसते. हे मी शाळेच्या सहलीच्या आधी सहावी-सातवीच्या मुलींना वर्गाचं दार लावून सांगते. सहलीच्या छापील सूचनांत ते नसतं.

यादीच्या खाली एक लाल चौकट आहे, ‘निघायच्या सकाळी’. चष्मा, चार्जर, रोजच्या गोळ्या, दाताचा ब्रश. विसरतात त्या याच वस्तू, कारण त्या शेवटच्या क्षणापर्यंत वापरात असतात, आदल्या रात्री भरता येत नाहीत. आणि त्याखाली, दुसऱ्या अक्षरात, आमच्या ह्यांनी लिहिलेलं: ‘गॅस बंद. विरजण शेजारी. कोंबड्या.’ ते लिहून झाल्यापासून विरजण लावायचं काम माझं राहिलं नाही.

वस्तू वापरली नाही म्हणजे ती काढायचीच, असंही नाही. बँडेज आणि तापाच्या गोळ्या तिसऱ्या ढिगात आल्या तर मी खूश असते. आणि एक नोंद तर मी स्वतः हरून घातली. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून आमच्या शाळेतल्या तिघी-चौघी जरा जास्तच फिरतो. त्या पावसाळ्यात चिखलदऱ्याहून उतरताना घाटात झाड आडवं पडलं. चार तास ना पुढं, ना मागं. सगळी गाडी उपाशी, दोन लेकरं रडायला लागली. सासूबाईंनी मी नको नको म्हणत असताना बाजूच्या खिशात कोंबलेली फुटाणे-गुळाची पुरचुंडी तेव्हा निघाली आणि मागच्या बाकापर्यंत गेली. घरी येऊन मी सांगितलं, तर त्या म्हणाल्या, “मंग?” तेवढंच. आता यादीत अठ्ठाविसाव्या ओळीला, आजीच्या रिकाम्या पेराच्या जागी, ‘आईचे फुटाणे, ३०० ग्रॅम’ असं आहे. वजनासकट. मी वरती सत्तावीस म्हणाले ते त्या सोडून.

यंदा सासूबाईंना पंच्याहत्तर पूर्ण झाली. आता त्यांना एसटीत तिकीटच नाही. कार्तिकीला पंढरपूरला जायचं त्यांनी ठरवलंय, गावातल्या तिघींबरोबर, मी नाही. परवा त्यांनी कपाट उघडून मला हाक मारली.

“वाच बरं ते तुयं.”

मी एकेक वाचत गेले आणि त्या बाजेवर एकेक ठेवत गेल्या. लुगडी दोन. दुपट्टा. साबण पाहून म्हणाल्या, अर्धाच काहून, चौघीत एक अख्खा पुरे, तो तिसरीच्या पिशवीत आहे. बामाची बाटली त्यांनी उचलली, झाकण उघडून पाहिलं, पुन्हा फळीवर ठेवली. मी म्हटलं, “असू द्या नं आई, गुडघे दुखले तं?”

“तठी भेटते,” त्या म्हणाल्या.

पिशवी मी ओसरीवर नेऊन काट्याला लावली. ३ किलो ९००, फुटाण्यांसकट. आत येऊन ओल्या फडक्यानं कागदावरच्या खुणा पुसल्या. मार्कर संपत आलाय, तालुक्याला गेलं की आणायचा.